शिशाची तीन सिलं

माणसाच्या हातात देवाने काय काय ठेवून दिलंय हे बघायचं असेल, तर आमच्या पार्सल कचेरीत येऊन खिडकीवरच्या त्या मुलीचे हात बघावेत, असं मी भेटेल त्याला सांगत असे. गिऱ्हाइकाने खोकं पुढे सरकवलं की ती ते दोन्ही तळव्यांवर घ्यायची, पापणी लवेपर्यंत थांबायची आणि म्हणायची, "तीन किलो दोनशे." मग खोकं काट्यावर. काटा म्हणायचा तीन किलो दोनशे दहा. लगेच ती माझ्या टेबलाकडे वळून हसणार, "ते वरचे दहा ग्रॅम तुमच्या चिकटपट्टीचे हं, मावशी!"

गुंजभर सोनंसुद्धा ही हातावर तोलेल, म्हणून आमच्या हमालमामांनी तिला रत्ती म्हणायला सुरुवात केली. साहेबही तेच म्हणू लागले आणि तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं.

माझं काम बांधणीचं. बावीस वर्षं झाली. खोक्यांना सुतळी ओढायची, गोणीचं तोंड दाभणाने शिवायचं, गाठीवर लाख वितळवून दाबायची, जड माल असेल तर तारेत शिशाचं सील अडकवून चिमट्याने चेपायचं. लाख कढत असते, म्हणून दाबताना मी बोटात शिवणकामाचं अंगुस्तान, ती खळगेदार धातूची टोपी, घालते. त्यामुळे माझ्या हातची लाख कुठेही ओळखू येते. तिच्यावर बारीक बारीक दाणे उमटतात. हे लक्षात ठेवा, पुढे याच दाण्यांनी माझी लाज काढली.

खिडकीवरचा काटा छोट्या पार्सलांचा. गोणी नि पेट्यांसाठी मागच्या बाजूला मोठा काटा होता. खाली लोखंडी फळी, वर आडवी दांडी, दांडीवर सरकतं वजन. काम नसलं की दांडी हलू नये म्हणून तिला एक पितळी खिटी घालून ठेवायची. रत्तीला पाचवा महिना लागला तसं साहेबांनी तिचं उचलणं बंद केलं. मोठ्या काट्यावर मामा माल चढवायचे आणि ती लांबून वजन सरकवून आकडा लिहायची. नवरा तिचा जहाजावर यंत्रदुरुस्तीला, सहा-सहा महिने समुद्रात. माहेर दूर. तेव्हा तिच्यावर लक्ष ठेवणं हे माझं काम आहे, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही पुढचं शटर अर्धं खाली ओढायचो. मी हात धुवायला मोरीशी जायचे. एकदा लवकर परतले तर रत्ती चपला काढून मोठ्या काट्यावर उभी. उजव्या हाताने दांडीवरचं वजन केसभर पुढे, केसभर मागे. मला वाटलं, पोटातलं किती वाढलं बघतेय, हौस आहे. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती काट्यावरून उतरली, डबा उघडला, दोन उकडलेली अंडी नि भात बघितला आणि झाकण लावून टाकलं.

"मामा, तुम्ही घ्या. मला मळमळतंय."

मामांना खाण्यात लाज कसली! "आण इकडे. हे बाळ जन्माला येईपर्यंत मलाच नववा लागणार बघ," म्हणत त्यांनी अंडी उडवली.

मी मात्र पुढचे आठ दिवस बघत राहिले. आकडा होता तिथे असला तर डबा उघडे. अर्धा किलो पुढे गेला की डबा मामांचा. मळमळ अशी काट्यावर चढून-उतरून येते हे मला बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी मी विचारलंच. ती लेबलं फाडत होती, फाडतच राहिली.

"सतराव्या वर्षी मी जेवण सोडलं होतं, मावशी. उपास नव्हे. नुसतं सोडलं. आकडा उतरला की कुणीतरी शाबास म्हटल्यासारखं वाटायचं. केस गळले, पाळी थांबली, जिना चढवेना. दोन वर्षं औषधपाणी झालं तेव्हा उठले. मला वाटलं गेलं ते दुखणं."

"आणि आता?"

"आता रोज वाढतंय. बाळामुळे वाढतंय हे डोक्याला कळतं हो. पण आकडा दिसला की घशाचं दार लागतं. मला हे बाळ हवंय, मावशी. खूप हवंय. आणि घास आत जात नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या नाही आलं.

त्या आठवड्यात तिच्याबरोबर दवाखान्यात मी गेले. तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंना सगळे ताटवाल्या बाई म्हणतात, कारण त्यांच्या टेबलावर कायम एक पांढरं ताट असतं, त्यावर निळ्या रंगाने रेघा मारलेल्या. अर्ध्या ताटात भाज्या नि फळं, पाव ताटात भात किंवा पोळी, उरलेल्या पाव भागात अंडं, मासा, डाळ, वाटाणे, जे ज्याला चालेल ते. बाजूला दुधाचा पेला. बाईंचा आवाज असा की रागावल्या तरी गायल्यासारखं वाटावं.

रत्तीने जुनं दुखणं त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. म्हणून बाई तिला काट्यावर आकड्याकडे पाठ करून उभं करत. नर्सबाई आकडा मनात वाचत, कागदावर लिहीत, कागद पालथा. रत्तीला कधी आकडा सांगितला नाही, आणि "छान, फार नाही वाढलं हं," असलं वेडं कौतुक तर त्या खोलीत कुणाच्या तोंडून निघत नसे.

त्या दिवशी बाईंनी सोनोग्राफीचा कागद वाचला. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "हे बघ बाळा, सातवा लागलाय. आतलं बाळ महिन्याच्या मानाने लहान आहे. घाबरवत नाही, खरं ते सांगते. चार आठवडे देते. तेवढ्यात वाढ दिसली नाही तर मी तुला इथे खाटेवर ठेवणार."

"मी दोघांचं खायला हवं ना? सगळे तेच म्हणतात," रत्ती पुटपुटली.

"सगळ्यांना म्हणू दे. दोघांचं नको खाऊस. एकीचं खा, वर थोडं, आणि वेळेवर खा. तीन-तीन तासांनी. भूक लागायची वाट बघू नकोस, तुझी भूक रुसलेली आहे. घड्याळ बघ आणि खा. लोहाची गोळी संत्र्याबरोबर घे, चहाबरोबर नको, चहा ती गोळी अंगी लागू देत नाही. मनाच्या डॉक्टरांकडे आठवड्यातून एकदा जायचं, ते चुकवायचं नाही. आणि घरी वजनकाटा आहे का?"

"घरी नाही," रत्ती म्हणाली.

खरंच होतं ते. घरी नव्हता. मी शेजारी बसले होते, माझं तोंड शिवलं होतं का? म्हटलं, पोरीचं गुपित आपण कसं उघडं करायचं!

आणि दुसऱ्या दिवशी मी त्याहून मोठा उद्योग केला.

मामांना गोण्यांच्या मागे बोलावलं आणि सगळं सांगितलं. मामांनी डोक्यावरचं फडकं काढलं. "म्हणजे मी तिच्या बाळाची अंडी खात होतो?" असं म्हणून ते जे खाली बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

"आकडा वाढला की खात नाही ना? मग आकडा वाढूच द्यायचा नाही," मी म्हटलं.

दांडीवरचं सरकतं वजन जड केलं की काटा कमी दाखवतो, हे वजनावर आयुष्य काढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. शिशाचं एक सील सरकत्या वजनाच्या पोटाला लाखेने चिकटवायचं. आठवड्याला एक. ती जशी वाढेल तसं पुढचं सील. आकडा होता तिथेच राहील.

"अगं, मी जन्मात कुणाचा काटा मारला नाही," मामा म्हणाले.

"पोटातल्या जिवासाठी मारायचा, मामा. देव बघून घेईल."

देवाला मी असं परस्पर कामाला लावलं. सकाळी कचेरी उघडायच्या आधी आम्ही पहिलं सील लावलं. मामांनी वजन उलटं धरलं, मी लाख ओतली, अंगुस्तानाने दाबली.

काय सांगू, लागू पडलं! दुपारी रत्ती काट्यावर चढली, आकडा बघितला, उतरली, डबा उघडला. दोन्ही अंडी गेली. तीन वाजता तिने केळं खाल्लं, पाच वाजता शेंगदाणे. मामा दारातून माझ्याकडे बघून भुवया उडवत होते. दुसऱ्या आठवड्यात दुसरं सील, तिसऱ्यात तिसरं. तिच्या गालांवर रंग आला. बसल्या जागी पोटाला हात लावून, "लाथ मारतंय बघा, मावशी," म्हणू लागली. मी मनात देवाचे आभार मानत होते आणि, खरं सांगायचं तर, थोडे स्वतःचेही.

चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला व्यायामशाळेचा माल आला. लाकडी पेटी, आत लोखंडी चकत्या. मालकाने झाकण उघडून दाखवलं. सहा चकत्या, प्रत्येकीवर दहाचा आकडा ओतलेला. रिकाम्या पेटीवर आमचंच जुनं लेबल होतं, चार किलोचं. मामांनी पेटी फळीवर चढवली. रत्तीने वजन सरकवलं आणि तिचा हात थांबला.

"साडेएकसष्ट."

"असेल," मी घाईने म्हटलं. "लिही."

"कसं असेल? साठ नि चार चौसष्ट." तिने मालकाला बाजूला बसवलं, दांडी तपासली, फळीखाली काही अडकलंय का बघितलं. मग सरकतं वजन खालून बोटांनी चाचपलं आणि उलटं केलं.

तीन सिलं, तीन लाखेचे ठिपके, प्रत्येकावर बारीक बारीक दाणे.

तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या बोटात अंगुस्तान होतं, ते लपवायलासुद्धा मला सुचलं नाही.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती वळली. मालकाला म्हणाली, "दादा, आमचा काटा चुकलाय, तुमची पेटी दोन दिवसांनी घेऊ." काट्यावर 'बंद' अशी पाटी लावली. मग साहेबांच्या खोलीत जाऊन म्हणाली, "गेल्या तीन आठवड्यांत मोठ्या काट्यावरून गेलेल्या प्रत्येक गोणीचं वजन मी कमी लिहिलंय. गाड्यांवर भार जास्त चढलाय. यादी करून देते, सगळीकडे कळवायला लागेल." कुणी केलं, कशासाठी केलं, एक अक्षर नाही.

ते ऐकून मीच आत गेले आणि सगळं ओकले. पाठोपाठ मामा. साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले, "तुम्हा दोघांना काय म्हणू मी? काटा म्हणजे या कचेरीचा देव आहे!" आम्हाला लेखी ताकीद मिळाली. ती मिळायलाच हवी होती.

परत आले तर रत्तीने पात्याने लाख खरवडून काढली होती. तीनही सिलं तळहातावर घेऊन उभी होती. हातानेच तोलत होती, सवय!

"साठ ग्रॅम," ती म्हणाली. "चौसष्टावर अडीच किलो खाल्ले, म्हणजे माझ्या वजनावर दोन किलो."

डबा तिने दुपारी उघडला नाही. तीनलाही नाही, पाचलाही नाही. मी देवाला म्हणत होते, मला काय ती शिक्षा कर, पण हिचं दार लावू नकोस.

घरी जाताना ती पायरीवर थांबली. "उद्या बाईंकडे येता? एकटीने सांगायला जमणार नाही मला."

बाईंसमोर तिने पहिलंच वाक्य उच्चारलं ते असं: "काटा कामावर आहे. मी रोज चढत होते. तुम्हाला सांगितलं नाही." खाली मान घालून नव्हे, सरळ बघून. मी आयुष्यात भली भली माणसं बघितली, पण स्वतःच्या विरुद्ध असं नेमकं वजन करून देणारी हीच एक.

मग माझी पाळी. माझी कहाणी ऐकून बाईंचा गाता आवाजही कडक झाला. "मावशी, तुमची माया कळते. पण खोट्या काट्यासमोर तुम्ही तिला जेववलंत, आता खऱ्या काट्यासमोर तिला कोण जेववणार? मी पाठ करून उभी करते ते तिला सांगून, तिच्या संमतीने. तुम्ही तिच्या डोळ्यांत धूळ टाकलीत. विश्वास तुटला की या दुखण्यात औषधच चालत नाही." मग थांबून म्हणाल्या, "चूक माझीही आहे. घरी काटा आहे का विचारलं. कामावर आहे का, हे मी विचारायला हवं होतं."

एवढ्या शिकलेल्या बाई, आणि आम्हा दोघींसमोर चूक आपल्या पदरात घेतात! मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

सोनोग्राफी झाली. बाईंनी कागद दोनदा वाचला. "वाढलंय. चांगलं वाढलंय. खाट रद्द."

मी हुंदका दिला. रत्तीने विचारलं, "त्या दोन किलोत बाळ किती?"

"सहाशे ग्रॅमच्या आसपास. बाकी वार, बाळाभोवतीचं पाणी, तुझ्या अंगातलं वाढलेलं रक्त, पुढच्या दुधाची तजवीज."

रत्तीचे ओठ हलत होते. हिशेब चालला होता. "म्हणजे माल सहाशे. बाकी बारदान."

"काय?"

"खोकं, भुसा, सुतळी. मालाबरोबर जातं ते सगळं. ते वाचवायला गेलं की माल फुटतो." माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "यांना विचारा."

बावीस वर्षं मी बारदान बांधतेय, मला नाही कधी सुचलं. बाई मोठ्यांदा हसल्या, म्हणाल्या, "हे मी उद्यापासून सगळ्यांना सांगणार." पण लगेच बोट उभारून म्हणाल्या, "समजलं म्हणजे सुटलं असं समजू नकोस हं. उद्या पुन्हा घास अडेल. अडला की डॉक्टरांना फोन. मला फोन. आणि घड्याळ."

तसंच झालं. त्या दुपारी तिने अर्धाच डबा खाल्ला आणि उरलेल्या अर्ध्याकडे शत्रूकडे बघावं तसं बघत बसली. मामांनी हात पुढे केला नाही. आपला हात मांडीखाली दाबून बसले होते बिचारे.

दुसऱ्या दिवशी काटा दुरुस्त होऊन सुरू झाला. सुट्टीची वेळ झाली, शटर अर्धं खाली आलं. रत्तीने दांडीला पितळी खिटी घातली, खिटीला छोटं कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

"सुट्टीत ही तुमच्याकडे. मागितली तरी द्यायची नाही."

"आणि रागावलीस तर?"

"रागावेन. देऊ नका. पण खोटं काही सांगू नका, मावशी. हरवली म्हणू नका. 'देत नाही' म्हणा."

नवव्या महिन्यात एकदा तिने मागितली. सकाळपासून घुश्शात होती. कुणा गिऱ्हाईकबाईने, "पोट केवढं हो, जुळं आहे का?" म्हणून विचारलं होतं. टेबलापाशी आली, हात पुढे. "द्या. एकदाच."

माझ्या जिभेवर आलं होतं, की किल्ली साहेबांकडे आहे. सोपं होतं ते. पण मी म्हटलं, "माझ्या खिशात आहे आणि मी देत नाही."

"मावशी, द्या म्हणते ना!"

"नाही देत."

"तुम्ही कोण माझ्या? आई आहात?"

"नाही. किल्लीवाली आहे. तूच नेमलीस."

ती पाय आपटत गेली, गोण्यांवर जाऊन बसली. मामा खिडकीतून बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघू लागले. मी हातातली सुतळी ओढत राहिले, मनात देवाचं नाव. बऱ्याच वेळाने डब्याचं झाकण वाजलं. मी वळून बघितलं नाही. चमचा वाजला, थांबला. पुन्हा वाजला. असं थांबत थांबत, एकेक घास ओढून, ती मुलगी जेवली. लोक डोंगर चढणाऱ्यांचं कौतुक करतात. मी तो डबा संपताना ऐकलाय.

मुलगी झाली. सव्वा महिन्याने रत्ती तिला घेऊन कचेरीत आली. नवरा दारात पिशवी धरून उभा, उन्हाने रापलेला, हसरा. साहेब खोलीतून बाहेर आले. मामांनी खिडकीवरचा छोटा काटा फडक्याने पुसला, वर मऊ कापड अंथरलं, आणि मग माझा चेहरा बघून त्यांची चूक त्यांच्या लक्षात आली. पुसलेला काटा नि फडकं घेऊन ते तसेच उभे राहिले.

"राहू द्या, मामा," रत्ती हसली. "काटा कशाला हवाय?"

तिने दुपटं सोडलं, लेकीला दोन्ही तळव्यांवर घेतलं आणि डोळे मिटले. ते हात कधी चुकले नव्हते. पापणी लवेपर्यंत थांबणार आणि आकडा सांगणार, ग्रॅमसकट.

पापणी लवली. ती गप्पच.

"किती गं?" मामांना राहवेना.

बाळाने तोंड वाकडं केलं, मूठ चोखली आणि रडायला सुरुवात केली. रत्तीने डोळे उघडले.

"भूक लागलीय तिला," ती म्हणाली. मग माझ्या टेबलाशी येऊन खुर्ची ओढून बसली. "आणि मलाही. डब्यात काय आहे, मावशी?"